सरासरी सतरा

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी साडेसात.

धाकट्याचा फोन आला. डोकं फिरलं. म्हणे एक एप्रिलपासून आईला मी माझ्याकडे नेतो, तुझा जिना धोक्याचा आहे. काल चौथ्या पायरीची कड तुटली आणि आई बसली, एवढंच झालं. पडली नाही. बसली. बसणं आणि पडणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने मोठ्या भावाला जिन्याबद्दल अक्कल शिकवू नये. ही बातमी त्याला कोणी दिली ते मला माहीत आहे. हिने. सरळ विचारलं तर मिठाची गुळणी धरून बसली.

म्हणे आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. लिफ्ट! जसा काही यानेच शोध लावला.

आई नऊ वर्षं माझ्याकडे आहे. वरची खोली तिच्यासाठी मी स्वतः निवडली. ती इथून हलणार नाही. हे लिहून ठेवतो म्हणजे नंतर वाद नको.

निश्चय: जिना नवा करायचा. असा की धाकट्याने तोंडात बोट घालावं. मुदत २८ फेब्रुवारी.

फोनवर मी अत्यंत शांतपणे बोललो. ही म्हणते शेजारचे दोघं गॅलरीत आले होते. हवा खायला आले असतील.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

डिझाइन पूर्ण. मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, पंचवीस मिनिटांत. लोक आर्किटेक्टला यासाठी पैसे का देतात कळत नाही. बावीस वर्षं भूमिती शिकवतोय, घरचा जिना मला जड नाही.

नैसर्गिक साहित्याचा संगम. पंधरा पायऱ्या. खालच्या पाचांवर बांबू, मधल्या पाचांवर लाकूड, वरच्या पाचांवर काळा दगड. यात विचार आहे. माणूस आधी लवचीक असतो, मग घडतो, मग कणखर होतो. हिला समजावून सांगितलं. म्हणाली, म्हणजे शेवटी दगडच होतो ना. मग कुकरकडे बघायला गेली.

आईला वर जाऊन आराखडा दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला. म्हणाली छान आहे रे. अजून काहीतरी बोलणार होती, पण मी तिला बांबूचे फायदे सांगत होतो.

९ फेब्रुवारी, रविवार.

सुतार आला. चेहऱ्यावरूनच कळलं की हा फाटे फोडणार. पहिला प्रश्न, दगड वर कोण लावतं? मी विचार समजावला. तो म्हणाला विचार ठीक आहे, पण ओझं खाली असलेलं बरं. मी म्हटलं तू लाकडाचं बघ.

मग त्याने टेप काढली. जिना सिमेंटचा, पंधरा पायऱ्या, आणि सोळावी चढण म्हणजे वरची जमीन. सगळ्या चढणी सतरा सेंटिमीटरच्या. बांबू एक सेंटिमीटर जाड, लाकूड तीन, दगड सहा. मग हा बोटांवर मोजून सांगायला लागला की पहिली चढण अठरा होणार, सहावी एकोणीस, अकरावी वीस आणि अगदी वरची फक्त अकरा. बाकी सतरा. म्हणे पाय फसवेल. म्हणे पायाला सवय झालेली असते, तो न बघता उचलतो, आणि तेवढाच उचलतो.

बावीस वर्षं भूमिती. आणि मला हा शिकवणार.

मी पेन्सिल घेतली आणि तिथेच भिंतीवर बेरीज केली. अठरा, एकोणीस, वीस, अकरा, अधिक बाकीच्या बारा सतरा. एकूण दोनशे बहात्तर. भागिले सोळा. सतरा! बरोबर सतरा, दशांशसुद्धा नाही. जिन्याची सरासरी उंची केसभरही बदलत नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. हिशेबच बोलत होता.

सुतार भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, साहेब, सरासरीवर पाय कोण ठेवतं?

तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढवला नाही. तो दोन पायऱ्या मागे सरकला तो टेप गुंडाळायला.

शेवटी काम करायला तयार झाला, पण आराखड्याखाली ‘उंचीबद्दल सांगितलं होतं’ असं लिहून त्याने माझी सही घेतली. केली. ऐटीत केली.

१० फेब्रुवारी, सोमवार.

ही भिंतीवरची बेरीज वाचत होती. लॅबोरेटरीत रक्त तपासते, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. म्हणाली, पायऱ्यांवर गाद्या टाकल्या तरी सरासरी सतराच येईल. मी म्हटलं, बरोबर! म्हणूनच डिझाइन भक्कम आहे. तिने कपाळाला हात लावला. आनंदाने की काय ते विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

जुना लोखंडी कठडा कापून भंगारात दिला. नैसर्गिक जिन्याला लोखंड शोभत नाही. त्याच्या जागी बांबूचा कठडा येणार. बांबूवाला म्हणाला परवा देतो.

आई दुपारी खाली आली तेव्हा भिंतीला दोन्ही हात लावून, आडवी, एकेक पायरी. मी खालून सूचना देत होतो. मध्येच म्हणाली तू जरा बोलू नकोस, माझं लक्ष जातं. सूचना तिच्याच भल्यासाठी होत्या.

१७ फेब्रुवारी.

बांबूवाला म्हणतो परवा.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

पायऱ्यांचा बांबू आला. ओला आहे. मला ओला म्हणून कळलं नाही, ताजा वाटला. ताजं साहित्य चांगलं असतं अशी माझी समजूत होती आणि ती मुळात चुकीची नाही. सुतार म्हणतो वाळला की वाकेल. म्हटलं चिकटव. डबल चिकटव.

कठड्याचा बांबू आला नाही. बांबूवाल्याला फोनवर दहा मिनिटं सुनावलं. नंतर कळलं तो नंबर बांबूवाल्याचा नव्हता. पण ज्या कोणाचा होता त्याने सगळं ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

मुदत १५ मार्च केली आहे. याला माघार म्हणत नाहीत. धाकट्याने फोन करून जिन्याचं विचारलं. सांगितलं अंतिम टप्प्यात आहे. सध्या खालच्या पाच पायऱ्यांवर बांबू आहे, त्यातल्या दोन मधोमध फुगल्या आहेत. लाकूड आलंय, दारात पडलंय. दगड अजून खाणीत असावा.

आज आठवीच्या वर्गात खडू फेकला. कोणावर नाही. फळ्यावर. पहिल्या बाकावरच्या मुली वाकल्या, त्याची गरज नव्हती.

५ मार्च, बुधवार.

दगड आला. एकेका लादीला दोन माणसं लागली. गवंडी म्हणाला, हे वर कशाला? याला आणि सुताराला एकाच आईने वाढवलं असावं. मी म्हटलं वर म्हणजे वर. लाद्या चढवताना लाकडाच्या दोन पायऱ्यांचे कोपरे गेले. सुतार बघत उभा होता. खिशातून आराखडा काढून माझी सही तेवढी एकदा बघितली आणि परत ठेवला. त्याचाच राग आला.

चिकटवलेला दगड सुकेपर्यंत तीन दिवस कोणी जिन्यावर पाय ठेवायचा नाही. हे गवंड्याने चिकटवून झाल्यावर सांगितलं. आई वर. आम्ही खाली.

६ मार्च, गुरुवार.

उपाय काढला. वरच्या गॅलरीतून दोरी, दोरीला टोपली. सकाळी चहाचा थर्मास, पेपर, गोळ्या. दुपारी डबा. आई वरून ओढते. तिचे दंड दुखतात म्हणून ही आमच्या शेजारणीला तिच्या गच्चीवरून आमच्या गच्चीत पाठवते. शेजारीण कमरेला पदर खोचून कठड्यावरून उडी मारते. साठीची बाई. हे सगळं दगडाला सुकायला वेळ लागतो म्हणून. दगडाचा दोष माझ्या माथी मारू नये.

आई सकाळी पेपर वाचता वाचता गॅलरीतून मला मथळे वाचून दाखवते. एरवी ती सकाळी खाली फाटकाशी खुर्ची टाकून पेपर वाचते. म्हटलं आता वरून गंमत आहे की नाही. म्हणाली हो, पण फाटकावरून येणारी-जाणारी माणसं दिसायची. म्हटलं तीनच दिवस.

९ मार्च, रविवार.

चौथा दिवस. एक लादी हलते.

१२ मार्च, बुधवार. सकाळी आठ.

पूर्ण! मुदतीच्या तीन दिवस आधी. (नव्या मुदतीच्या.) खाली उभा राहून वर बघितलं. पिवळा, तांबूस, काळा. डोळ्यांत पाणी आलं. ही म्हणाली दिसतो छान. ‘दिसतो’ वर उगाच जोर.

कठड्याच्या बांबूचा नाद सोडला. काथ्याचा जाड दोर भिंतीला कड्या मारून लावला. तोही निसर्गच.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

ही कपड्यांची बादली घेऊन चढताना अकराव्या पायरीवर ठेचकाळली. बादली खाली गेली. बघून चालत नाही.

१३ मार्च.

गवंडी उरलेले पैसे न्यायला आला, वर जाऊन दगड बघतो म्हणाला. अकराव्या पायरीवर ठेचकाळला. स्वतः बसवलेल्या दगडावर! आणि माझ्याकडेच बघतो.

शेजारीण. सहावी पायरी. पुढे अकरावी. म्हणाली यापेक्षा गच्चीवरून उडी बरी.

१४ मार्च, शुक्रवार.

आज मी स्वतः अकराव्या पायरीवर ठेचकाळलो. चप्पल नवी आहे.

लोकांना चालता येत नाही हा या आठवड्याचा निष्कर्ष. पाय फरफटत चालायची सवय लागली आहे सगळ्यांना.

१६ मार्च, रविवार.

सूचनाफलक केले. सहाव्या पायरीशी: ‘पाय दोन सेंटिमीटर जास्त उचला.’ अकराव्याशी: ‘पाय तीन सेंटिमीटर जास्त उचला.’ अगदी वर: ‘येथे पाय सहा सेंटिमीटर कमी उचला.’ ही म्हणाली, वाचता वाचता पडतील. हिचं बोलणं मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

आई काथ्याचा दोर टोचतो म्हणून उजव्या हातात लोकरीचा मोजा घालून जिना उतरते. पायात घालायचा मोजा. चार-पाच दिवसांत दोनदाच उतरली. म्हटलं खाली का येत नाहीस, तुझ्यासाठी केलाय सगळा. म्हणाली येईन की. म्हटलं येईन नाही, ये. आवाज नेहमीचाच होता. ती लगेच मोजा शोधायला लागली. तेव्हा जरा कसंतरी झालं. म्हटलं राहू दे आज.

१८ मार्च.

बांबूची तिसरी पायरी सुटली. खिळे मारले. नैसर्गिक खिळे मिळत नाहीत.

२२ मार्च, शनिवार.

धाकट्याला उद्या जेवायला बोलावलं. जिना बघू दे. हरल्याचं तोंडाने कबूल करायला लावीन. दहा दिवसांवर एक एप्रिल आहे, पण उद्या दुपारीच विषय संपवायचा. आई माझ्याकडेच राहणार. नुसत्या विचारानेही झोप छान लागेल.

२३ मार्च, रविवार. दुपारी चार.

लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. संतापाने.

धाकटा आला. जिना बघितला. वा म्हणाला! मी ऐकलं, हिनेही ऐकलं. नीट वर गेला, मी मागून प्रत्येक फलक मोठ्याने वाचून दाखवत होतो. आईशी तासभर गप्पा मारल्या. त्याच्या हसण्याचा आवाज खालपर्यंत. मग उतरताना मी पुढे होतो आणि त्याला सरासरी समजावत होतो. भिंतीवरची बेरीज अजून आहे, तिकडे बोट दाखवलं. त्याने तिकडे बघितलं. दगड संपून लाकूड सुरू होतं तिथे पाय अंदाजापेक्षा खोल गेला आणि तो माझ्या अंगावरून, लाकूड, बांबू करत थेट खाली.

घोटा. डॉक्टर घरी आले. हाड शाबूत, पण लिगामेंट. आठ दिवस पाय टेकायचा नाही. डॉक्टर जाताना जिन्याकडे बघून म्हणाले, अरे वा, वेगळाच आहे. मग जिन्यापासून लांब उभं राहून माझं बीपी तपासलं. जास्त आहे म्हणाले.

धाकटा समोरच्या खोलीत, माझ्या पलंगावर. आठ दिवस! ज्याला हरवायला बोलावलं तो माझ्या उशीवर डोकं ठेवून झोपलाय.

तीच रात्र. पण आधीचं राहिलं ते लिहितो.

धाकटा पडला तेव्हा आवाज ऐकून आई खाली आली. चालत नव्हे. वरच्या पायरीवर बसली, आणि बसून बसून एकेक पायरी सरकत आली. मोजा न घालता. पंधरा पायऱ्या. मी ओरडत होतो थांब, येऊ नकोस, मी येतो. ती थांबली नाही. धाकट्याचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, पाणी आण. हेच फक्त. मी आणलं.

२५ मार्च, मंगळवार.

आई परत वर गेली नाही. धाकट्याच्या शेजारी खाट टाकून झोपते. म्हणे त्याला रात्री पाणी लागलं तर. त्याला नाही लागत, मी बघितलंय.

मी स्वयंपाकघरात गादी घालून झोपतो. फ्रिज रात्रभर घुरघुरतो.

२७ मार्च, गुरुवार.

सकाळी शाळेला निघताना बघितलं तर आई फाटकाशी खुर्ची टाकून बसलेली. पेपर मांडीवर. दूधवाल्याला त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारत होती. मला बघितल्यावर म्हणाली, आता आत जाते. मी कुठे जा म्हटलं होतं?

सुतार रस्त्यात भेटला. नुसता नमस्कार केला. त्यातही टोमणा होता.

३० मार्च, रविवार.

धाकटा आज गेला. काठी टेकत, गाडी मागवून. जाण्याआधी सगळे समोरच्या खोलीत बसलो. त्याने विषय काढला. अपेक्षित होतं. म्हणाला आई, चल माझ्याकडे. मीही तयारीत होतो. म्हटलं जिना दोन दिवसांत सुधारतो, वरची खोली तशीच आहे, तुझं तू ठरव. हे वाक्य मी तीन दिवस आरशासमोर म्हणून बघितलं होतं. शांतपणे.

आई म्हणाली, मी धाकट्याकडे जात नाही. माझी माणसं इथे आहेत.

मी धाकट्याकडे बघितलं. जे व्हायचं ते झालं होतं. जिंकलो.

मग आई म्हणाली, पण वरही नाही जात. या खोलीत राहते. खाट आहेच.

मला वाटलं जिन्याचा राग. समजावायला लागलो. ती म्हणाली जिन्याचं काही नाही रे. गुडघे दुसऱ्या वर्षापासूनच दुखतात. वर मला करमतच नाही. खाली माणसं दिसतात.

दुसऱ्या वर्षापासून! म्हणजे सात वर्षं! मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? एकदा तरी बोलायचंस. मी जिना कशाला केला असता? एवढा खर्च, एवढा त्रास, याची ठेच, त्याची ठेच, एका वाक्यात काम झालं असतं!

आई म्हणाली, तू चिडतोस म्हणून.

तक्रार नव्हती. किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं. धाकटा पायाचं बँडेज नीट करायला लागला. ही खिडकीबाहेर बघायला लागली. एकाने तरी नाही म्हणायचं. कोणी म्हटलं नाही.

मी म्हटलं, मी चिडत नाही.

किती मोठ्याने म्हटलं ते मला आठवत नाही. आईने खाटेची कड घट्ट धरली, तेवढं दिसलं.

२ एप्रिल, बुधवार.

माझं टेबल, पुस्तकं, गादी वर हलवली. सुतार आणि गवंडी दोघं मदतीला आले, मी बोलावलं नव्हतं, हिने बोलावलं. दोघांनी एकमेकांना प्रत्येक पायरीवर सांगितलं, जपून. मला कोणी काही म्हटलं नाही. जिना आता मी एकटाच वापरतो.

संध्याकाळी खाली निघालो. खालून आई आणि ही हसत होत्या. आई हसते तेव्हा शेवटी तिला ठसका लागतो, हे मी विसरलो होतो. मी दोन पायऱ्या उतरलो. दगडावर माझी चप्पल वाजली आणि हसणं थांबलं. हिने विचारलं, चहा हवा का. नको म्हटलं. हळू म्हटलं. त्यांना बहुतेक ऐकूच गेलं नाही.

मग मी चप्पल काढून हातात घेतली आणि तिथेच बसलो. बराच वेळ. दहा मिनिटांनी त्या परत बोलायला लागल्या.